ओल्यावर ओलं

माहीम, मंगळवार, ३ नोव्हेंबर १९८७

देवजी मढवी यांस,

मायना लिहिण्यात वेळ घालवत नाही. परवा नेरूळला भेट झाली तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्याला तुम्ही मान हलवलीत. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मान हलवणाऱ्याला काही समजलेले नसते, हा माझा अनुभव आहे. म्हणून सगळे लेखी कळवते.

आमची सोसायटी म्हणजे सोळा निवृत्त शिक्षकांची सोळा बिऱ्हाडे. इमारत उभी राहून वर्ष झाले, तरी एकही बिऱ्हाड राहायला आलेले नाही, ते केवळ जमिनींपायी. आधीच्या माणसाने खालच्या काँक्रीटवर सिमेंटचा पातळ थर दिला आणि तो पापडासारखा सुटून आला. तो सगळा उपटून टाकला आहे. नवा थरही तसाच सुटू नये म्हणून एक द्रव वापरायचा आहे. दिसायला दूध आणि गुणाने रबर. माझ्या मैत्रिणीचा मुलगा नंदकुमार तुर्भ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे, त्याने एक कॅन दिला आहे. टेम्पोवाला तो तुमच्या घरी पोहोचवील.

नमुना म्हणून माझ्याच घराच्या दोन खोल्या करा, बाहेरची आणि आतली. १३ डिसेंबरला आमची कमिटी पाहायला येईल. पसंत पडल्या तर सोळाही घरांचे काम तुमचे. नाही पडल्या तर आमचे अध्यक्ष कारखानीस सर यांनी आणलेल्या मुंबईच्या कंत्राटदाराचे. त्याच्याकडे छापील कागद आहेत, तुमच्याकडे नाहीत. तुमच्या शेतांवर ही वसाहत उभी राहिली आणि गावचा माणूस तिथे नुसती वाळू वाहतो, हे मला पसंत नाही. म्हणून तुमचे नाव मी सुचवले. पण म्हणून वाईट काम मी चालवून घेईन असे समजू नका.

आता कृती. जुन्या काँक्रीटला टाचे मारून ते खडबडीत करा. तारेच्या ब्रशाने घासून धुऊन काढा. पाणी डबक्यासारखे साचू देऊ नका. मग हे दूध एक भाग, पाणी एक भाग आणि त्यात सिमेंट, असे सरबरीत कालवून ब्रशाने एक हात द्या. त्यावर वाळू-सिमेंटचा थर. त्या थराच्या पाण्यातही मोजून दूध घाला. 'मोजून' शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या आहेत, त्या पाहा.

एक गोष्ट विशेष. कारखान्याच्या इंग्रजी पत्रकात छापले आहे की पहिला हात चिकट असतानाच त्यावर थर द्यावा. लिहिणाऱ्याने जन्मात कधी घर रंगवलेले दिसत नाही. मी ते वाक्य तांबड्या शाईने खोडून 'पूर्ण वाळल्यावर द्यावा' असे दुरुस्त केले आहे. रात्रभर वाळू द्या. नंदकुमार दोन महिने बडोद्याला गेला आहे, नाहीतर त्याच्याकडून छापखान्यालाही कळवले असते.

पत्रक सोबत आहे. हत्यारे लगेच धुवा.

चारुलता दिघे


सारसोळे गाव, नेरूळ, ८ नोव्हेंबर

बाईंना सगुणा मढवीचा नमस्कार.

मी देवजींची सून. मॅट्रिक झाले आहे, त्यामुळे घरातली पत्रं वाचायचं आणि लिहायचं माझ्याकडे असतं. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तुमचं पत्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. मान हलवण्याचं वाक्य मी गाळणार होते, पण शेजारच्या बायकांनी माझ्या खांद्यावरून आधीच बघितलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. बाबा म्हणाले, "मान हलवली नाय तं बाय बोलायची थांबंल कशी?"

कॅन पोचला. पडवीत ठेवला आहे. पहिल्याच दिवशी दोन बायका 'दूध कवापासून इकाया लागलाव' म्हणत लोटे घेऊन आल्या. म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर बाबांची जुनी रबरी चप्पल ठेवली आहे. चप्पल बघून कोण हात लावत नाही.

बाबांना हे काम पाहीजे आहे, बाई. दहा वर्षं ते दुसऱ्यांच्या हाताखाली गवंडी आहेत. जमीन गेली तेव्हा सगळे म्हणाले, आता तुम्हीच इथले कंत्राटदार होणार. कंत्राटदार आले ते सगळे खाडीपलीकडून आले. सोळा घरं मिळाली तर गावातली आठ माणसं बाबा आपल्या नावावर कामाला लावतील. म्हणून ते तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत.

फक्त एक शंका आहे. ती जशीच्या तशी लिही म्हणाले. "सुकल्यावं त्याचा रबर व्हनार. रबराला वरचा सिमिट धरंल कसा? माझ्ये चपलेला दहा वरसान कवा सिमिट चिकाटला नाय."

उत्तर लवकर द्या. तोवर टाचे मारून होतील.

आपली,
सगुणा


माहीम, १२ नोव्हेंबर

सगुणा हीस,

अक्षर चांगले आहे. 'पाहिजे' मधला 'हि' पहिला काढतात.

सासऱ्यांना सांग की चपलेवरून विज्ञान ठरत नाही. ओल्या भिंतीवर कोणी दुसरा रंग देते का? ओल्या कागदावर शाई टेकवली तर काय होते? मी १९५१ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. हे रबर तेव्हा आमच्या पुस्तकात नव्हते हे मान्य आहे. पण वाळलेली वस्तू पक्की आणि ओली वस्तू कच्ची, हे पुस्तकात नसले तरी समजते.

रात्रभर वाळवायचे. हा विषय संपला.

चा. दिघे


सारसोळे, २९ नोव्हेंबर

बाईंना नमस्कार.

दोन्ही खोल्या झाल्या. आठ दिवस त्यांच्यावर कोणाला पाय ठेवू दिला नाही. एक मांजर चालून गेलं, पण ते हलकं होतं.

हत्यारं लगेच धुवायची हे तुमचं अगदी बरोबर होतं, असं बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. पहिल्या दिवशी ते चहाला म्हणून अर्धा तास खाली उतरले. थापी, ब्रश, सगळं घमेल्यात तसंच. परत येऊन ब्रश उचलला तर त्याच्याबरोबर घमेलंही वर आलं. दोन माणसांनी ओढलं, सुटेना. सासूबाईंनी ते ब्रशासकट दाराशी टांगलं आहे, बाबांना येता-जाता दिसावं म्हणून.

आता एक सांगायचं आहे. रागावू नका. एक खोली तुम्ही लिहिलं अगदी तशी केली आहे, रात्रभर वाळवून. दुसरी बाबांनी आपल्या मनाने केली. खालचा हात देऊन तो ओला चिकट असतानाच वर थर दिला. मी म्हटलं, बाई काय म्हणतील? तर म्हणाले, "दोन खोल्या हायत. एक बायची, एक माझी. कंची कोनाची तं लिवू नको. बाय हुशार हाय, पाय ठेवल्याबरोबर वलखंल."

म्हणून लिहिलं नाही.

सगुणा


माहीम, ३ डिसेंबर

देवजी मढवी यांस,

हे पत्र सगुणाने एकही शब्द न गाळता वाचावे.

मी तुम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या, दोन मते मागितली नव्हती. परीक्षेत एका प्रश्नाची दोन उत्तरे लिहून 'यातले बरोबर असेल ते घ्या' म्हणणाऱ्या मुली मला ठाऊक आहेत. मी त्यांना शून्य देत असे. आता माझ्या घराची एक खोली बिघडली, हे तर नक्कीच झाले. ती उपटावी लागेल. पण मला दुःख वेगळे आहे. कमिटीपुढे तुमचे नाव मी घेतले आणि तुम्ही माझ्याच घरात माझा शब्द मोडलात.

कोणती खोली कशी आहे हे कळवण्याची गरज नाही. १३ तारखेला जमीन स्वतःच सांगेल.

चारुलता दिघे


माहीम, १५ डिसेंबर

देवजी मढवी यांस,

परवाचा निकाल कळवते. तुम्ही खाली वाळूच्या ढिगावर बसला होतात, त्यामुळे वर काय झाले ते तुम्हाला समजले नसेल.

कारखानीस सरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली. त्यांनी खडूने दोन्ही जमिनींवर फूटफूटभराचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनावर काठी आपटली. आमच्या संगीताच्या सुमेधा पेंडसे डोळे मिटून ऐकत उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत चौकोनामागून चौकोन ढब, ढब वाजू लागला. सुमेधाबाई म्हणाल्या, "तडकलेलं मडकं." सरांनी दाराजवळ काठी जरा जोरात मारली, तर ताटाएवढा तुकडा निसटून वर आला. खालून तो गुळगुळीत होता, जणू कधी कुठे चिकटलाच नव्हता. आतल्या खोलीत मात्र प्रत्येक चौकोन खणखणीत. सुमेधाबाईंनी तर डोळे उघडून 'वा' म्हटले.

सरांनी मला विचारले, "दिघेबाई, एकाच माणसाच्या हातून असं कसं?"

मी सांगितले, "आतली माझ्या पत्राबरहुकूम केली आहे. बाहेरची मिस्त्रींनी स्वतःच्या मनाने."

सर म्हणाले, "मग त्यांना वर बोलावून विचारायचं काही राहिलंच नाही. माणूस साधा दिसतो, पण ऐकणारा नाही."

कमिटीचे मत असे पडले की पद्धत दिघेबाईंची घ्यावी आणि काम मुंबईच्या कंत्राटदाराला द्यावे. माझ्या सूचना सायक्लोस्टाइल करून त्याला देतील. १० जानेवारीच्या सर्वसाधारण सभेत ठराव होईल. मला वाईट वाटते. औषध कितीही चांगले असले तरी ते घेणाऱ्याने वैद्याचे ऐकायला हवे.

चारुलता दिघे


सारसोळे, १८ डिसेंबर

बाई,

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. त्यांनी लिहू नको म्हटलं होतं.

तुम्ही उलटं केलंत. बाहेरची खोली तुमची होती. तांबड्या शाईप्रमाणे, रात्रभर वाळवलेली. आतली खोली बाबांची.

तुमचं पत्र मी वाचलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी ताट बाजूला केलं नाही की काही नाही. सगळं जेवले. मग म्हणाले, "बायला गावाम्होरं, शाळामास्तरांम्होरं खोटी पाडून मना काम नको." आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या कामावर वाळू चाळायला गेले.

बाबांना हे कुठून सुचलं ते सांगते. तुमचा कॅन आला त्याच आठवड्यात सासूबाईंनी, जाईबाईंनी, त्यातलं वाटीभर काढून आमच्या ओट्याची फुटकी पायरी केली होती. ती मी तुम्हाला लिहिली नाही, कारण माल तुमचा होता. त्यांनी ती सारवतात तशी केली. सारवताना काय करतात बाई, जुन्या भुईवर आधी पातळ शेणकाला शिंपडायचा आणि तो ओला असतानाच वर मातीचा हात फिरवायचा. शिंपडलेलं सुकून गेलं आणि मग हात फिरवला तर दुसऱ्या दिवशी पोपडे. हे आमच्याकडे आठ वर्षांच्या पोरीला येतं. सासूबाईंनी दुधाचं पाणी शेणकाल्यासारखं शिंपडलं आणि लगेच वर सिमेंट ओढलं. त्या पायरीवर आम्ही महिनाभर सुकी मासळी कुटतो आहोत. बाबांनी ती पाहिली आणि मग आतली खोली तशी केली.

दुसरं. तुम्ही जो शब्द खोडला होता तो मी शाळेच्या डिक्शनरीत पाहिला. छापणाऱ्याने लिहिलं ते बरोबरच होतं. चिकट असतानाच, असंच आहे.

माझ्या मॅट्रिकच्या बाईंना मी असं कधी बोलू शकले नसते. तुम्ही समोर नाही म्हणून बोलते. वर तुम्ही सगळ्यांनी जमिनीला विचारलंत. खाली बसलेल्या माणसाला एकानेही विचारलं नाही.

सगुणा


माहीम, २१ डिसेंबर

सगुणा,

हे शक्य नाही.

चा. दिघे


माहीम, २ जानेवारी १९८८

सगुणा हीस,

शक्य आहे.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते फाडणार होते. मग वाटले, फाडायचे तर आधी खोटे ठरवून फाडावे. नंदकुमारने मला एक बाटली दाखवायला म्हणून दिली होती, ती होती. शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणले. शेजारच्या काकूंनी विचारले, "बाई, या वयात भातुकली?" मी दार लावून घेतले.

एका तुकड्यावर हात देऊन रात्रभर वाळवला, मग थर दिला. दुसऱ्यावर लगेच. दोन्हींवर अ आणि ब लिहिले. नवव्या दिवशी 'अ'च्या कडेत उलथने घातले. थर अख्खाच्या अख्खा उठला, घावन उठावे तसा. 'ब'च्या कडेत उलथने घातले तर उलथने वाकले. मग खलबत्त्यातला बत्ता घेतला. शेवटी खालची फरशी फुटली, थर सुटला नाही. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन गेले.

त्याच संध्याकाळी नंदकुमार बडोद्याहून परतला. त्याला पत्रक दाखवले. त्याने माझी तांबडी शाई पाहिली.

"मावशी, हे वाक्य आमच्याकडे तीन जणांनी सहा महिने तपासलं होतं."

"मग देताना मला तोंडी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, मला इंग्रजी वाचता येतं."

सिमेंट आणि रबर ओले असताना एकमेकांत शिरतात आणि मगच घट्ट होतात, असे त्याने समजावले. वाळले की वर नुसता पडदा राहतो. 'रबरी चपलेसारखा,' असे मीच त्याला म्हटले. तो म्हणाला, अगदी बरोबर, हे उदाहरण तुम्हाला कसं सुचलं? मी सांगितले, की मला सुचले नाही.

आता पुढचे. १० तारखेच्या सभेत माझी चुकीची कृती सोळा घरांसाठी मंजूर होणार आहे आणि ज्याने बरोबर काम केले त्याला नाकारले जाणार आहे. कारखानीस सरांना पत्र लिहून हे मिटवता येईल. पण मी ज्या लोकांपुढे चुकीचे बोलले, त्यांच्याचपुढे बरोबर बोलायला हवे. मी आतापर्यंत हजारो मुलींना उभे राहून चूक कबूल करायला लावले आहे. ते इतके जड असते हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी लावलेच असते.

सासऱ्यांना घेऊन ये. त्यांनी वाळूवर बसायचे नाही. खुर्चीवर बसायचे. खुर्ची मी राखून ठेवते.

चारुलता दिघे


सारसोळे, ११ जानेवारी

बाईंना सगुणाचा नमस्कार.

काल सभा संपायच्या आत तुम्ही बससाठी निघालात. त्याच्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही म्हणून लगेच लिहिते.

आधी बाबा घरी येऊन काय सांगत होते ते ऐका. मी तिथे होते म्हणून मला खरं माहीत आहे, पण गावात आता बाबांचंच चालणार. "बाय उठली. सगल्यांकडं बघतलान. बोलली, मागच्या टायमाला मी जे बोललू तं चूक. भायेरची खोली माझी, आतली या मानसाची. चूक माझी. आनि खाली बसली. पंखा बी थांबला." पंखा थांबला तो लाइट गेली म्हणून.

कारखानीस सर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. "मागच्या महिन्याच्या दिघेबाई खऱ्या, की या महिन्याच्या?" तुम्ही "या महिन्याच्या" म्हणालात आणि निघालात. तुम्ही गेल्यावर तिथे चार माणसं चार बाजूंनी बोलायला लागली. एकजण म्हणाले, बाईंना त्या लोकांची दया आली. एकजण म्हणाले, छापील कागदवाल्याला काय सांगायचं? ठराव काही झाला नाही. बाबा खुर्चीवरून उठले, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि म्हणाले, "सर, माझ्या बोलन्यावं जावू नका, बायच्या बी जावू नका. उद्या माझ्ये घरा येवा. हातोडा घेवून येवा."

आज सकाळी खरंच आले. कारखानीस सर, पेंडसेबाई आणि आणखी तिघे. सरांच्या हातात नवा हातोडा, त्याच्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती. सासूबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या आत भाकऱ्या थापत होत्या. बाहेरून धाड, धाड आवाज आला, तशा पिठाच्या हाताने बाहेर आल्या. बघतात तर पांढऱ्या केसांचा, चष्म्याचा माणूस उकिडवा बसून त्यांची पायरी फोडतो आहे.

"आरं मेल्या! तुजे आयशीनं पायरी बांधलीय का? जमीन घेतलाव, शेत घेतलाव, आता माजी पायरी बी घेतव?"

सर म्हणाले, "बाई, मी तपासणी करतो आहे."

"माझ्ये दारान? हातोड्यानं? चाल, उठ!"

बाबा मधे पडले. सगळं सांगितलं. मग सासूबाई काय म्हणाल्या माहीत आहे? कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग मार. मार अजून. हलू मारतंव कशाला? भाकर नाय खाल्लीस?"

सरांनी पाच-सहा घाव घातले. कडेचा जुना दगड फुटला. सासूबाईंनी ओढलेला सिमेंटचा हात फुटला नाही. पेंडसेबाई खाली वाकून काठी आपटून ऐकत होत्या. त्यांनी सरांकडे बघून नुसती मान हलवली. सर घामाघूम होऊन त्याच पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. मग चहा झाला. सासूबाईंनी त्यांना सारवण कसं करतात ते सगळं ऐकवलं आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. फुटक्या दगडाबद्दल मात्र त्या अजून बोलत आहेत.

कमिटीने दुपारीच सही करून कागद दिला. सोळाही घरं बाबांची. कागदावर 'कंत्राटदार : देवजी मढवी' असं टाइप केलं आहे. बाबांनी मला ते तीन वेळा वाचायला लावलं आणि मग आठ माणसांना बोलावून चौथ्यांदा.

एक अट आहे. शेवटच्या ओळीत लिहिलं आहे की कामावर देखरेख श्रीमती दिघे यांची राहील. बाबा हसले की खोकले ते मला कळलं नाही.

पुढचं पत्र ते स्वतः लिहिणार म्हणतात. चौथीपर्यंत शिकले आहेत. मी बघायचं नाही, असं सांगितलं आहे.

सगुणा


सारसोळे ता. १३

बाय ना देवजीचा रामराम

अक्षर वाईट हाय सांबालून घ्या. सगुनाला दाखवला नाय.

काम सोमवारपासून. पयली तुमची भायेरची खोली फोडनार. तिच्यावं नवा थर बसनार नाय, सगला खालपावत काडाया लागंल. मंगलवारी धुवून दूदाचा हात देनार आनि लगेच थर. तवा तुमी देकरेकीला येवा.

सोमवारी येवू नका. आपल्या डोल्यांनी आपला केलेला फुटताना बघवत नाय. आमच्ये शेतान मशीन आली त्या दिवशी मी घरान दार लावून बसलू होतो. लोकांनी बोलावला तरी गेलू नाय. म्हनून तुमाला सांगतंव.

मंगलवारी जेवान आमच्ये घरा. जाईबाय जवला करनार हाय. तुमच्यात चालतो असा सगुना बोलली.

देवजी मढवी
कंत्राटदार


माहीम, १५ जानेवारी १९८८

श्री. देवजी मढवी यांस,

पत्र पोहोचले. अक्षर वाचता येते. सगुणाला दाखवले असतेत तरी चालले असते.

तुम्ही ज्या दिवशी दार लावून बसलात, त्या दिवशी तुमची काही चूक नव्हती. माझी आहे. त्यामुळे माझे तसे चालणार नाही. सोमवारी नऊ वाजता मी नेरूळला पोहोचते. पहिला घाव मी घालीन, पुढचे तुमच्या माणसांनी घालावेत. हातोडा हलका आणा, माझे उजवे मनगट दुखते.

जवळा चालतो. मंगळवारी जेवून जाईन आणि सोमवारीही.

चारुलता दिघे